शेकडा दोन, वर्षाला

इंडेक्स फंड म्हणजे एखाद्या निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा म्युच्युअल फंड. निफ्टीच्या फंडात पन्नास कंपन्या, सेन्सेक्सच्या फंडात तीस. कोणता शेअर घ्यायचा, कोणता विकायचा हे ठरवायला तिथे कुणी जाणकार बसलेला नसतो. त्यामुळे त्या जाणकाराचा मेहनतानाही गुंतवणूकदाराला मोजावा लागत नाही. निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट, म्हणजे दलालीशिवायच्या, योजनेचा वर्षाचा खर्च शंभर रुपयांमागे साधारण दहा ते तीस पैसे असतो. माणसाच्या निर्णयावर चालणाऱ्या इक्विटी फंडाच्या, वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर योजनेत तोच खर्च दीड ते सव्वादोन रुपयांपर्यंत जातो.

हा फंड महिन्याला पाचशे रुपयांची एसआयपी करणाऱ्या नोकरदारासाठी आहे, पैसेवाल्यांसाठी काहीतरी खास हवे, असा समज पक्का आहे. हिशेब मात्र त्याच्या उलट सांगतो. फंडाचा खर्च टक्क्यांत कापला जातो. दहा हजारांवर शेकडा दोन म्हणजे दोनशे रुपये. पाच कोटींवर शेकडा दोन म्हणजे दहा लाख. दहा हजारांच्या मानाने पाच कोटींचे शेअर सांभाळायला पाच हजार पट कष्ट पडत नाहीत, पण कपात मात्र पाच हजार पट होते. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, दोनशे पोती आणणारा माणूस दर ठरवताना घासाघीस करतो. फंडाच्या एकाच योजनेत मात्र दहा हजारवाल्याला आणि पाच कोटीवाल्याला खर्चाचा दर एकच असतो, आणि घासाघीस करायला समोर कुणी नसते. स्वस्त योजना निवडणे एवढीच घासाघीस तिथे शक्य असते.

टक्का या शब्दाचीही एक अडचण आहे. सिरसाळा हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातले, परळी-बीड रस्त्यावरचे गाव. तिथे, आणि एकूणच ग्रामीण मराठवाड्यात, कुणी ‘दोन टक्क्यांनी पैसे उचलले’ म्हणाले तर ते दोन टक्के महिन्याचे असतात. शंभराला महिना दोन रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस. ज्या कानाला महिन्याचा टक्का ऐकायची सवय आहे त्याला ‘वर्षाला फक्त दोन टक्के’ हे बोलणे किरकोळ वाटते, आणि योजना विकणाऱ्याचे निम्मे काम तिथेच होते. व्याजाने उचललेले पैसे फेडले की व्याज थांबते. फंडाचा खर्च मात्र रक्कम आत असेपर्यंत चालू राहतो, आणि रक्कम वाढेल तसा रुपयांत वाढत जातो.

समजा, एक कोटी रुपये वीस वर्षे ठेवले आणि खर्च वजा करण्यापूर्वी बाजाराने वर्षाला सरासरी बारा टक्के दिले. शेकडा वीस पैसे खर्च असेल तर वीस वर्षांनी सुमारे ९ कोटी ३१ लाख होतात. शेकडा दोन रुपये असेल तर ६ कोटी ७३ लाख. फरक २ कोटी ५८ लाखांचा, म्हणजे मूळ मुदलाच्या अडीच पट. बारा टक्के मिळतीलच याची हमी कुणी देत नाही. पण परतावा आठ धरला किंवा चौदा धरला तरी दोन रकमांमधले अंतर ठळकच राहते. परतावा अंदाजाचा असतो, खर्च मात्र ठरलेला असतो.

स्वस्त फंडाने महागड्याला मागे टाकण्याचे कारण अंकगणितात आहे, ते हुशारीवर अवलंबून नाही. विल्यम शार्प या अर्थतज्ज्ञाने १९९१ मध्ये एका छोट्या लेखात ते मांडले. मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर असे: दिवसभरात जेवढा कापूस मोंढ्यात विकला जातो, तेवढाच सगळ्या खरेदीदारांनी मिळून घेतलेला असतो. एकाला स्वस्त पडला तर दुसऱ्याला महाग पडलेला असतो, पण सगळ्यांचा सरासरी भाव हाच बाजाराचा सरासरी भाव. शेअर बाजारातही हुशार फंड आणि हुशार व्यापारी मिळून बाजाराइतकाच परतावा मिळवतात. त्यातून प्रत्येकाचा खर्च वजा झाला की सरासरीने ते बाजाराच्या खाली येतात. काही फंड वर राहतातच. पुढच्या वीस वर्षांत वर राहणारा कोणता, हे आज ओळखणे हाच खरा प्रश्न असतो, आणि गेल्या पाच वर्षांचा तक्ता त्याचे उत्तर देत नाही.

भारतात हे मोजण्याची पद्धत उशिरा सुधारली. फंडांची तुलना पूर्वी निर्देशांकाच्या नुसत्या आकड्याशी व्हायची, आणि त्या आकड्यात कंपन्यांनी वाटलेला लाभांश धरलेला नसे. फंडाला लाभांश मिळे, निर्देशांकाला नाही; अशा शर्यतीत फंड वर्षाला टक्काभर पुढे दिसे. फेब्रुवारी २०१८ पासून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशीच तुलना करणे बंधनकारक केले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्या, अशी व्याख्या ठरली आणि लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसा तिथेच ठेवावा असा नियम आला. शंभरच कंपन्या, त्याही सगळ्यांच्या नजरेखालच्या. तिथे वेगळे काही शोधायला जागा थोडी उरते. एस अँड पी संस्थेच्या ‘स्पिव्हा’ अहवालांत लार्ज कॅप फंडांपैकी बहुसंख्य दीर्घ काळात निर्देशांकाच्या मागे पडल्याचे पुन्हा पुन्हा दिसले आहे. मिड आणि स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे मध्यम आणि लहान कंपन्यांत, चित्र इतके एकतर्फी नाही, म्हणून इंडेक्स फंडाची बाजू सर्वांत भक्कम आहे ती मोठ्या कंपन्यांच्या हिश्शात.

इंडेक्स फंडाच्या कल्पनेचा जन्म अमेरिकेतला. जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड कंपनी स्थापून १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला. १५ कोटी डॉलर जमतील असे धरले होते, जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. बाजारातल्या मंडळींनी त्याला बोगलचा मूर्खपणा म्हटले. भारतात निफ्टी निर्देशांकच मुळी एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला. यूटीआयचा निफ्टी इंडेक्स फंड २००० सालचा, आणि शेअरसारखा बाजारात विकता येणारा देशातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, मुंबईच्या बेंचमार्क म्युच्युअल फंडाने २००१ च्या अखेरीस आणला. पुढची दहा-बारा वर्षे त्यांच्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. वितरकाला त्यात मिळण्यासारखे काही नव्हते, आणि वितरक ज्याचे नाव घेत नाही ते गिऱ्हाइकाच्या कानावर जात नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला दलालीशिवायची डायरेक्ट योजना ठेवणे भाग पडले. ऑगस्ट २०१५ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने नव्या ठेवींपैकी पाच टक्के रक्कम ईटीएफमध्ये घालायला सुरुवात केली आणि २०१७ पर्यंत हे प्रमाण पंधरा टक्क्यांवर नेले. यातली गंमत अशी, की ज्या कामगाराच्या पगारातून पीएफ कापला जातो तो नकळत स्वस्तातल्या स्वस्त पद्धतीने शेअर बाजारात आहे, आणि त्याचा मालक मात्र त्याच कंपन्यांचे शेअर दहा-वीस पट खर्चाने सांभाळून घेत असू शकतो.

सिरसाळ्यासारख्या गावातला श्रीमंत माणूस कोण, हेही पाहिले पाहिजे, कारण संपत्ती कोणत्या रूपात आहे त्यावर इंडेक्स फंडाची जागा ठरते. बागायतदार, आडत दुकानदार, जिनिंगवाला, डॉक्टर, रस्त्यांची कामे घेणारा ठेकेदार, खत-बियाण्यांचा विक्रेता. पहिली पसंती जमिनीला. पण महाराष्ट्राच्या १९६१ च्या जमीनधारणा कायद्याने पाच माणसांच्या कुटुंबाला बारमाही बागायत १८ एकर आणि कोरडवाहू ५४ एकर अशी मर्यादा घातली आहे. जमीन घ्यायची इच्छा असूनही एका टप्प्यानंतर ती नावावर घेता येत नाही. मग पैसा परळी, अंबाजोगाई, बीड, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुण्यातल्या प्लॉटकडे वळतो; सोन्यात जातो; भिशीत फिरतो; आणि उरलेला पतसंस्थेत एक-दोन टक्के जास्त व्याज मिळते म्हणून मुदत ठेवीत बसतो.

या सगळ्यात एक दोष समान आहे. घराची जमीन, दुकान, उधारी, प्लॉट आणि पतसंस्थेतली ठेव एकाच पावसावर उभी असतात. कापूस आणि सोयाबीन हातातून गेले की त्या वर्षी शेतीचे उत्पन्न घटते, दुकानाची उधारी थकते, प्लॉटला गिऱ्हाईक मिळत नाही आणि पतसंस्थेचे कर्जदारही हप्ते थांबवतात. पाच ठिकाणी विभागलेला वाटणारा पैसा प्रत्यक्षात एकाच तालुक्यात असतो. २०१२ मध्ये मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. त्याच वर्षात निफ्टी २७ टक्क्यांहून अधिक वाढला. २०१४ मध्येही पावसाने दगा दिला आणि निफ्टी ३१ टक्के वर गेला. दुष्काळ पडला की बाजार चढतो असा याचा अर्थ नाही. २००८ मध्ये बाजार कोसळला तो अमेरिकेतल्या बँकांमुळे. परळीच्या पावसाचा आणि निफ्टीतल्या बँका, सॉफ्टवेअर, तेल, औषध, मोटार कंपन्यांच्या नफ्याचा संबंध फार पातळ आहे, एवढेच. आणि ज्याची सगळी मिळकत एका तालुक्यात आहे त्याला नेमके तेवढेच हवे असते. परतावा थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण तो वेगळ्या ढगाखालचा असावा.

ठेवींच्या बाबतीत तर बीड जिल्ह्याने अलीकडे मोठी किंमत मोजली आहे. ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत ठेवीदारांच्या रकमा अडकल्या आणि प्रकरण सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेले. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला, मग ती मल्टिस्टेट असली तरी, ते नाही. ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ या दोन पाट्यांमधला हा फरक ठेवी अडकल्यावरच अनेकांना कळला. म्युच्युअल फंडाची रचना या दोन्हींपेक्षा निराळी आहे. फंड चालवणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात गुंतवणूकदाराचा पैसा येत नाही. शेअर कस्टोडियनकडे असतात, मालकी विश्वस्तांमार्फत युनिटधारकांची असते, आणि युनिटचे मूल्य रोज जाहीर होते. फंड कंपनी बुडाली म्हणून शेअर बुडत नाहीत. शेअरचे भाव पडले तर मात्र रक्कम कमी होते, आणि त्याला कुठलाही विमा नाही. जुन्या पिढीला जुलै २००१ ची यूएस-६४ आठवते. यूटीआयने तेव्हा त्या योजनेतले पैसे काढणेच काही काळ थांबवले होते. त्या योजनेची खरेदी-विक्रीची किंमत शेअरांच्या खऱ्या मूल्यावर नव्हे, तर संस्थेच्या निर्णयावर ठरत होती. रोजचे मूल्य उघड असणाऱ्या इंडेक्स फंडात तसे झाकून ठेवण्यासारखे काही नसते.

एकरकमी मोठा पैसा हाती येण्याचे प्रसंग या भागात बहुधा जमिनीशी जोडलेले असतात. रस्ते रुंद होतात, अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गासारखी कामे होतात, भूसंपादनाचा मोबदला मिळतो. किंवा भावांच्या वाटणीनंतर एखादा तुकडा विकला जातो. कराच्या दृष्टीने हा पैसा बऱ्याचदा स्वच्छ असतो. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन आयकराच्या भाषेत ‘भांडवली मत्ता’च नाही, त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. शहराची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हे अंतर दोन किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर सहा, त्याहून मोठ्या शहराला आठ. परळीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती, त्यामुळे सिरसाळ्याच्या शिवारातली शेतजमीन या रेषेच्या बरीच बाहेर पडते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा मोबदलाही आयकरातून सुटतो. असा पैसा बँकेत जमा झाला की आठवड्याच्या आत फोन येऊ लागतात, आणि सुचवल्या जाणाऱ्या योजनांत इंडेक्स फंड जवळपास कधीच नसतो.

सुचवल्या जातात त्या ‘मोठ्या लोकांच्या’ योजना. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे पीएमएस, किमान ५० लाखांपासून सुरू होते. पर्यायी गुंतवणूक निधी, एआयएफ, सामान्यतः एक कोटीपासून. किमान रकमेची ही अट सेबीने घातली ती जोखीम पेलू न शकणाऱ्याने तिकडे जाऊ नये म्हणून. विकताना मात्र तीच अट मानाच्या पाटासारखी मांडली जाते: सगळ्यांना इथे प्रवेश नाही, तुम्हाला आहे. एक कोटीवर अडीच टक्के शुल्क म्हणजे अडीच लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून २ लाख ९५ हजार. काही ठिकाणी ठरलेल्या परताव्यापुढच्या नफ्यातला वाटाही वेगळा. नफा झाला तर वाटा जातो. तोटा झाला तर त्यातला वाटा कुणी उचलत नाही. चांगली पीएमएस नसते असे नाही. पण इतका खर्च भरून काढून वर बाजारापेक्षा जास्त देणे हे फार थोड्यांना आणि फार थोडी वर्षे जमते.

अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी हा मुद्दा पैज लावून सिद्ध केला. २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी दहा लाख डॉलरची पैज होती: एका बाजूला अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांकाचा फंड, दुसऱ्या बाजूला प्रोटेजे पार्टनर्स या संस्थेने निवडलेले पाच ‘हेज फंडांचे फंड’. इंडेक्स फंड सुमारे १२६ टक्के वाढला. पाचांपैकी एकही त्याच्या जवळ पोचला नाही. बफे यांनी आपल्या पत्नीसाठीच्या विश्वस्त निधीतली नव्वद टक्के रक्कम इंडेक्स फंडात आणि दहा टक्के सरकारी रोख्यांत ठेवण्याची सूचना भागधारकांना लिहिलेल्या २०१३ सालच्या पत्रात जाहीर केली. पुढे एका पत्रात त्यांनी लिहिले की हा सल्ला सामान्य माणसे ऐकतात, अतिश्रीमंत मात्र क्वचितच; कारण पैसे जास्त मोजले की वस्तू उत्तम मिळते याची त्यांना सवय झालेली असते. ही सवय लग्नाच्या मंडपात किंवा ट्रॅक्टरच्या खरेदीत योग्यच ठरते. गुंतवणुकीत मोजलेली किंमत थेट मिळणाऱ्या वस्तूतूनच वजा होते.

करातला फरक श्रीमंतांना जास्त जाणवतो. पीएमएसमधले शेअर गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या नावावर असतात. व्यवस्थापकाने शेअर विकला की कर त्याच वर्षी गुंतवणूकदाराच्या माथी. म्युच्युअल फंड आतल्या आत शेअर विकतो तेव्हा कर लागत नाही. युनिट विकेपर्यंत तो पुढे ढकलला जातो. इंडेक्स फंडात तर विक्रीच कमी. २३ जुलै २०२४ पासून वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटी युनिटच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट सोडून, साडेबारा टक्के कर आहे. वर्षाच्या आत विकल्यास वीस टक्के. उत्पन्न कितीही मोठे असले तरी या नफ्यावरचा अधिभार पंधरा टक्क्यांपुढे जात नाही, त्यामुळे उपकर धरून दीर्घकालीन कर शेकडा पंधराच्या किंचित आत राहतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असलेल्या घराला कर या विषयाची सवय नसते. ‘हा फंड मागे पडला, तो घेऊ’ असे दर दोन वर्षांनी करत राहिले की प्रत्येक उडीला कराचा हिस्सा जातो, आणि उरलेल्या कमी रकमेवर पुढचे चक्रवाढ सुरू होते. इंडेक्स फंडात उडी मारायचे कारणच फारसे उरत नाही.

निवड करताना नावापेक्षा निर्देशांक पाहावा लागतो. गेल्या काही वर्षांत इंडेक्स शब्द लोकप्रिय झाला तसे संरक्षण, पर्यटन, अमुक थीम, तमुक सूत्र अशा शेकडो निर्देशांकांचे फंड निघाले. नाव इंडेक्सचे, पण वृत्ती सट्ट्याची. गाभ्यासाठी निफ्टी ५०, सेन्सेक्स, किंवा निफ्टी ५० च्या जोडीला त्यापुढच्या पन्नास कंपन्यांचा नेक्स्ट फिफ्टी, नाहीतर पाचशे कंपन्यांचा निर्देशांक एवढे पुरते. दोन फंडांत फरक पाहायचा तो खर्चाचा आणि ट्रॅकिंगचा, म्हणजे लाभांशासह निर्देशांकाच्या परताव्यापेक्षा फंड वर्षाला किती मागे राहिला याचा. खर्च वीस पैसे आणि फंड मागे राहिला साठ पैसे, तर व्यवस्थापनात ढिलाई आहे. ईटीएफचा खर्च आणखी कमी, दहा पैशांच्याही आत असू शकतो. पण त्याला डिमॅट खाते लागते, आणि ज्या ईटीएफमध्ये उलाढाल कमी आहे तिथे एका दिवसात कोटीभराची खरेदी केली तर मूल्यापेक्षा महाग पडून वाचवलेला खर्च एका फटक्यात जातो. मोठ्या एकरकमी खरेदीला साधा इंडेक्स फंड बहुधा सोयीचा.

निर्देशांक स्वतःला छाटतही असतो, ही बाब नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. सत्यम कॉम्प्युटरमधला हिशेबाचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाला आणि त्याच महिन्यात ती कंपनी निफ्टीतून गेली. मार्च २०२० मध्ये येस बँक गेली. दोन्ही वेळा इंडेक्स फंडधारकाला नुकसान झाले, पण पन्नासातल्या एका कंपनीपुरते. ज्याने विश्वासाने सगळा पैसा त्या एका शेअरमध्ये ठेवला होता त्याच्यासारखे नाही. याची दुसरी बाजूही आहे. निफ्टीत वजन बाजारमूल्यावर ठरते, त्यामुळे ज्या कंपन्या फुगल्या त्यांचाच हिस्सा वाढतो. बँका आणि वित्तसंस्थांचे वजन एकतृतीयांशाच्या आसपास असते. ज्याच्याकडे आधीच बँकांचे शेअर भरपूर आहेत त्याने निफ्टी घेऊन विविधता आली असे मानू नये.

एक कोटी एकदम घालावे की थोडे थोडे? व्हॅनगार्डने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजारांचा अभ्यास केला, तेव्हा साधारण तीनपैकी दोन वेळा एकदम घालणेच फायद्याचे ठरले होते. बाजार पडण्यापेक्षा चढण्यातच जास्त काळ घालवतो, हे त्यामागचे कारण. पण आयुष्यात पहिल्यांदा शेअरमध्ये पैसा घालणाऱ्या घराला पहिल्याच तिमाहीत वीस टक्के घट दिसली, तर ते घर बाजारातून कायमचे बाहेर पडते. म्हणून रक्कम अल्पमुदतीच्या रोख्यांच्या लिक्विड फंडात ठेवून तिथून दर महिन्याला वर्ष-दीड वर्षात इंडेक्स फंडात वळवण्याची पद्धत, एसटीपी, अशा घरांना मानवते. त्यात थोडा परतावा सुटला तर ती धीर टिकवण्याची किंमत.

कारण घट येतेच, आणि इंडेक्स फंड ती पूर्ण सोसतो. सेन्सेक्सने ८ जानेवारी २००८ रोजी २१,००० चा आकडा ओलांडला. २७ ऑक्टोबरला दिवसभरातल्या व्यवहारांत तो ८,००० च्या खाली गेला. दहा महिन्यांत साठ टक्क्यांहून अधिक. पाच कोटींचे दोन कोटी होताना फंडाचा व्यवस्थापक काही करत नाही, कारण काही न करणे हेच त्याचे काम. म्हणून किती रक्कम घालायची हे घातलेल्या रकमेवरून ठरत नाही, बाहेर काय उरते त्यावरून ठरते. मुलांची शिक्षणे, लग्न, बोअर आणि पाइपलाइन, पुढच्या दोन पेरण्यांचा खर्च, दुकानाचे खेळते भांडवल एवढे राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात बाजूला काढून उरलेल्या, आणि दहा वर्षे हात लावावा लागणार नाही अशा पैशातूनच इंडेक्स फंडाचा हिस्सा निघतो. जमीन, सोने, ठेव आणि फंड यांचे प्रमाण वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाला बाकीचे हिशेब निघतात तेव्हाच, तपासले तरी पुरे. फंड फुगून ठरवलेल्या प्रमाणाच्या बाहेर गेला तर थोडा विकून ठेवीत, घसरला तर ठेवीतून थोडा फंडात. यात कौशल्य नाही, पण भाव पडलेला असताना विकत घ्यायला लागणारे काळीज सगळ्यांकडे नसते. जमिनीचा भाव रोज टीव्हीवर दिसत नाही म्हणून जमीन स्थिर वाटते. फंडाचा दिसतो म्हणून तो अस्थिर. जमिनीला गिऱ्हाईक शोधायला दोन वर्षे लागतात तेव्हा तिचाही भाव पडलेलाच असतो, फक्त तो कुठे छापून येत नाही.

राहतो प्रश्न वारसाचा. जमिनीला सातबारा आहे, फेरफार आहे, तलाठी आहे. गावाला माहीत असते कुणाचा बांध कुठे. फंडाची माहिती मात्र एका ईमेलमध्ये आणि एका फोनमध्ये असते. नॉमिनी नेमला की काम झाले असे धरले जाते. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले की शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या युनिटांचा नॉमिनी हा मालक होत नाही. फंड कंपनी त्याच्या हाती युनिट देते, पण अंतिम हक्क मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरतो. मुलगे, मुली, पत्नी, एकत्र कुटुंबाचा हिस्सा यांवरून ज्या घरांत जमिनीचे वाद तीस वर्षे चालतात, त्यांनी युनिटांचा उल्लेख मृत्युपत्रात फोलिओ क्रमांकासह करणे आणि ज्याला ती द्यायची त्यालाच नॉमिनी ठेवणे सोयीचे. हस्तांतरासाठी मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे पॅन आणि केवायसी, बँक खात्याचा पुरावा आणि ठरलेला अर्ज लागतो. नॉमिनीच नसेल तर रकमेनुसार वारस प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्राचे प्रोबेट मागितले जाऊ शकते, आणि त्यासाठी परळी किंवा अंबाजोगाईच्या न्यायालयाच्या फेऱ्या सुरू होतात.